गाडीत 'कुलंट लो', 'ऑईल लो' असा मेसेज आला तर नक्की काय समजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की ओळखीतल्या पाच-सहा जणांनी गेल्या दोन वर्षांत चांगली इंजिनं घालवलीत आणि प्रत्येकाला दिवा आधी दिसला होता. दिवा दिसला, पंपावर थांबून पाणी किंवा ऑईल टाकलं, दिवा गेला, विषय संपला असं वाटलं. पण गाडीतलं कुलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) काय किंवा ऑईल काय, आपोआप कमी होत नाही, ते कुठेतरी जातंय म्हणून कमी होतंय, आणि ते कुठे जातंय हे शोधणं म्हणजेच खरं काम, भरणं हे काम नाहीच.

प्रश्न: गाडी चालवताना अचानक मेसेज आला, आधी काय करू? थांबू का घरापर्यंत नेऊ?

रंग बघा. लाल असेल तर थांबायचं, पिवळा असेल तर बघायचं, बहुतेक गाड्यांत हे चालतं. त्यातही ऑईलच्या बुधलीचा लाल दिवा (थेंब टपकणारी किटली असते ना ती) चालत्या इंजिनात लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, पुढच्या गॅरेजपर्यंत नाही, पुढच्या नाक्यापर्यंतही नाही, कारण बेअरिंगला ऑईलचं प्रेशर नसेल तर मिनिटभरात लोखंडावर लोखंड घासायला लागतं आणि मग इंजिन खोलायलाच लागतं. टेंपरेचरचा लाल दिवा लागला किंवा काटा वर गेला तर एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रस्त्यात लगेच थांबायला जागाच नाही अशी वेळ आली तर हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल करा, आत भट्टी होईल पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर येते आणि जागा मिळेपर्यंतचं एखाद मिनिट मिळतं.

नुसता कुलंट लेव्हलचा मेसेज आहे, टेंपरेचर नॉर्मल आहे, तर घाबरून हायवेच्या मधोमध थांबू नका, पुढची सुरक्षित जागा बघून थांबा आणि तोपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. नॅशनल हायवेवर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाईन नंबर लक्षात असू द्या.

प्रश्न: आमच्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही, मग कळणार कसं?

आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा काढून टाकलाय, त्याऐवजी थर्मामीटरच्या चित्राचा एक दिवा असतो, थंड इंजिनाला निळा, गरम झालं की विझतो, आणि जास्त गरम झालं की लाल. म्हणजे मधलं काही दिसतच नाही, लाल लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे अशा गाडीवाल्यांनी तर लेव्हल डोळ्याने बघायची सवय लावलीच पाहिजे, आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी चालू करायच्या आधी.

आणि काटा असलेल्यांसाठी एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते: कुलंट जवळजवळ सगळं निघून गेलं की काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असायला हवा, पाणीच नसेल तर तो हवेत लटकतो आणि हवेचं काहीतरी रीडिंग देतो. तसंच हीटर लावून बघा, इंजिन गरम आहे आणि हीटरमधून गार हवा येतेय म्हणजे हीटरपर्यंत कुलंट पोचतच नाहीये. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर गाडी पुढे नेऊ नका.

प्रश्न: गाडीला कसं कळतं कुलंट कमी झालंय ते? सेन्सर खोटं बोलू शकतो का?

हो बोलू शकतो, आणि बऱ्यापैकी वेळा बोलतो. कुलंटच्या बाटलीत दोन प्रकारचे सेन्सर असतात. एकात आत छोटा फ्लोट असतो, त्यात चुंबक, पातळी खाली आली की फ्लोट खाली येतो आणि तळाचा स्विच पडतो. दुसऱ्या प्रकारात बाटलीत दोन धातूच्या पिना असतात आणि कुलंटमधून थोडासा करंट जातो का ते बघितलं जातं, गेला तर कुलंट आहे, नाही गेला तर नाही. आता दुसऱ्या प्रकारात गंमत अशी की नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं तर ते करंट नीट नेत नाही, म्हणून बाटली काठोकाठ भरलेली असली तरी मेसेज जात नाही, आणि लोक सेन्सर बदलत बसतात. आणि पिनांवर क्षाराचा थर बसला तरी हेच होतं. पहिल्या प्रकारात फ्लोट चिकटतो, बाटलीत तपकिरी गाळ झाला असेल तर हमखास.

तपासायची पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड, टॉर्च घेऊन बाटलीच्या बाहेरून मागून उजेड टाका, पातळीची रेघ दिसते. जुन्या बाटल्या पिवळ्या पडलेल्या असतात आणि आतला डाग पातळीसारखा दिसतो, त्याला फसू नका, गाडीला कोपऱ्यातून हाताने हलवा, खरी पातळी हलते, डाग हलत नाही. मिन आणि मॅक्सच्या मध्ये असेल आणि तरी मेसेज असेल तर सेन्सर, त्याचा प्लग किंवा वायर. प्लग काढून बघा, आत हिरवट-पांढरं काही जमलंय का, पिन वाकलीये का. आणि वायर शेवटपर्यंत बोटाने चाचपत जा, कारण उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, इंजिनाच्या उबेला उंदीर येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, कधी कधी पातळ रबरी पाईपही. एअर फिल्टरच्या डब्यावर काळ्या लेंड्या दिसल्या की समजून जायचं.

प्रश्न: मेसेज फक्त सकाळी येतो, दहा मिनिटांनी जातो. दुर्लक्ष करू?

नको. थंड झालं की कुलंट आकुंचन पावतं, पातळी खाली जाते, गरम झालं की फुगून वर येते. म्हणजे तुमची पातळी मिनच्या अगदी काठावर आहे. आज फक्त सकाळी येतोय, महिन्याने दिवसभर येईल. मेसेज कधी येतो हेच निम्मं निदान आहे: फक्त वळणावर, ब्रेक मारल्यावर किंवा उतारावर पार्क केल्यावर येत असेल तरी अर्थ तोच, पातळी काठावर आहे आणि हिंदकळून सेन्सर उघडा पडतोय. खराब रस्त्यावर खड्ड्यातून जाताना क्षणभर लुकलुकतो, पातळी मात्र बरोबर आहे, तर प्लग सैल. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत आला तर बहुतेक आत हवा अडकली होती ती निघाली आणि पातळी बसली, एकदा भरा आणि लक्ष ठेवा, पुन्हा उतरली नाही तर ठीक. पण एक-दोन तास पळवल्यावर, चढावर, एसी लावून येत असेल तर ते मात्र गंभीर घ्या, कारण काही गळत्या फक्त प्रेशर आल्यावरच सुरू होतात.

प्रश्न: दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा लिटर टाकावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो उन्हाळ्यात पाणी उडतं, नॉर्मल आहे. खरं का?

नाही. ज्या काळात रेडिएटरचं झाकण उघडून रोज सकाळी तांब्याने पाणी ओतायचे त्या काळातली ही समजूत आहे. आताची सिस्टीम बंद असते, झाकणाला स्प्रिंग असतो आणि आत साधारण एक बारच्या आसपास जादा प्रेशर धरलं जातं. प्रेशरमुळे उकळबिंदू वर जातो, साधं पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीच्या आसपास उकळेल इतका, वरून कुलंटमध्ये ग्लायकोल (उकळबिंदू आणखी वाढवणारं रसायन) असतं ते वेगळंच. अशा सिस्टीममध्ये वर्षभरात बोटभर कमी होणं समजू शकतो, महिन्याला अर्धा लिटर म्हणजे भोक आहे, कुठे ते शोधायचं.

माझंच सांगतो. २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे, चिपळूणला सासुरवाडी, कराडला घर, म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट. तीन महिन्यांत तीन वेळा कुलंटचा मेसेज आला, तीन वेळा गॅरेजला नेली, तीन वेळा त्यांनी भरून दिलं आणि 'कुठेच लीक नाही' म्हणून सांगितलं, आणि खरंच घरी खाली एक थेंब पडायचा नाही. मग मे महिन्यात शिरगाव-पोफळी सोडून चढाला लागलो, पाच माणसं, मागे आंब्याच्या दोन पेट्या, एसी चालू, सेकंड गिअर, आणि निम्म्या घाटात परत मेसेज आणि पाठोपाठ काटा हलायला लागला. एसी बंद, हीटर फुल, पोरं आत घामाने निथळतायत, तसंच घाटमाथ्याला येऊन थांबलो. पाऊण तास नुसतं बोनेट उघडून उभं राहिलो, झाकणाला हात लावला नाही. तिथे एका ट्रकवाल्या काकांनी येऊन टॉर्च मारली बेल्टच्या बाजूला आणि म्हणाले, 'हे बघा इथं.' वॉटर बॉडीच्या (म्हणजे कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली, पुलीच्या मागे, गुलाबीसर पांढरी खपली वाळून बसली होती, मिठाच्या पपडीसारखी, नखाने काढली तर खाली ओलं. वॉटर बॉडीला खाली मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून टपकतं. माझ्या गाडीत ते फक्त गरम असताना आणि चढावर इंजिन ताणलं की टपकायचं आणि गरम ब्लॉकवर पडून तिथेच वाळून जायचं, खाली जमिनीवर येणार कुठून. तीन वेळा भरलेलं कुलंट असं वाळून गेलं, आणि चौथ्या वेळी हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलं असतं.

प्रश्न: मग गळती शोधायची कशी? घरी काय बघू शकतो?

रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र पसरा, सकाळी डाग बघा, कुठे पडलाय, कसा पडलाय. बिनवासाचं, बिनरंगाचं पाणी, बहुतेक डाव्या सीटच्या खालच्या बाजूला, ते एसीचं पाणी, त्याची काळजी नको. रंगीत, बोटांना चिकट, गोडसर वासाचं म्हणजे कुलंट (वास घ्या, चव घेऊ नका, विषारी असतं, आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका कारण गोड म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात). काळं-तपकिरी, हळूहळू पसरणारं ते इंजिन ऑईल. पिवळट, पातळ, निसरडं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, तर ब्रेक ऑईल, आणि मग ती गाडी चालवायचीच नाही.

पुठ्ठा कोरडा निघाला तर बोनेट उघडून वाळलेल्या खपल्या शोधा: होज पाईपच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीची जिथे ॲल्युमिनियमशी घडी घातलेली असते तिथे, थर्मोस्टॅटच्या (कुलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या वॉल्व्हच्या) प्लास्टिक हाऊसिंगला, वॉटर बॉडीखाली, आणि कुलंटच्या बाटलीच्या झाकणाभोवती. झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट, त्याचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही आणि कुलंट वाफेने उडतं.

गॅरेजमध्ये एकच गोष्ट मागायची, 'प्रेशर टेस्ट करा.' हातपंपासारखा टेस्टर असतो, तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या प्रेशरएवढी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते बघायचं. उतरला की गळती आहे, मग टॉर्च घेऊन शोधायची. टेस्टरच नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, सरळ.

प्रश्न: बाहेर कुठेच ओलं नाही, खपली नाही, तरी कमी होतंय. मग?

मग आत जातंय. तीन जागा. एक, हीटरची कॉइल: डॅशबोर्डच्या आत असते, फुटली की डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं, गाडीत गोडसर वास, आणि काचेवर आतून चिकट धुकं येतं जे पुसलं तरी तेलकट ओघळ राहतात. दोन, डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कुलंटने गार करणारा भाग), तिथे फुटलं तर कुलंट सरळ एक्झॉस्टमध्ये किंवा इनटेकमध्ये जाऊन जळतं, बाहेर काहीच दिसत नाही.

तीन, ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. लक्षणं: इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणं आणि त्याला गोडसर वास (थंडीच्या दिवसांत सकाळी दोन मिनिटं वाफ येते ती नव्हे), बाटलीत सतत बुडबुडे, थंड स्टार्टनंतर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) दगडासारखा कडक होणं, ऑईलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा तपकिरी लगदा. पण झाकणाखाली थोडा फेस दिसला म्हणून हेड गेलं असं लगेच समजू नका, ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच पळते, पावसाळ्यात, त्यांच्याकडे नुसत्या दमटपणानेही तसा फेस धरतो. पट्टीवरचं (ऑईलची पातळी मोजायच्या डिपस्टिकवरचं) ऑईल बघा, तेही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नका. खात्री करायची तर एक केमिकलची टेस्ट असते, बाटलीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हेड खोलायचा खर्च सांगितला की आधी ही टेस्ट करून दाखवा म्हणा.

प्रश्न: झाकण गरम असताना थोडं ढिलं करून प्रेशर सोडलं तर चालतं ना? ड्रायव्हर लोक करतात तसं.

नाही चालत, अजिबात नाही. आत १०० च्या वरचं पाणी फक्त प्रेशरमुळे उकळायचं थांबलंय, झाकण ढिलं झालं की त्याच क्षणी सगळं एकदम उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर येतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी बघितलीयेत. कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताने दाबा, मऊ आणि कोमट लागला पाहिजे, मग जाड फडकं टाकून पाव फेरी फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग उघडा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न: कुलंट नाहीये, पाणी टाकलं तर? बोअरचं चालेल?

अडचणीत काहीही चालेल, बाटलीबंद पिण्याचं पाणी सगळ्यात बरं, कारण पाण्याशिवाय गाडी चालवण्यापेक्षा कुठलंही पाणी चांगलं. पण घरी पोचल्यावर ते काढून योग्य कुलंट भरायचं. बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं, चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि तो बसला की निघत नाही. कुलंट हे फक्त बर्फ होऊ नये म्हणून असतं, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असं म्हणणारे भेटतात. त्याचं मोठं काम गंज थांबवणं आणि उकळबिंदू वाढवणं हे आहे, आणि ते आपल्या उन्हाळ्यात जास्तच लागतं.

एक घोटाळा फार होतो: कुलंट दोन प्रकारे मिळतं, तयार मिक्स आणि कॉन्सन्ट्रेट. तयार मिक्समध्ये पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बहुधा अर्धं-अर्धं, डब्यावर लिहिलेलं असतं) मिसळूनच टाकायचं. डबा वाचा.

प्रश्न: हिरवं आहे, गुलाबी टाकलं तर?

रंगावर जाऊ नका, रंगाला कुठलंही एक स्टँडर्ड नाही, एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय ते बघा. वेगवेगळी केमिस्ट्री मिसळली तर गंजरोधक घटक निकामी होतात, कधी कधी जेलीसारखा गाळ होतो आणि मग फ्लोट चिकटतो, हीटरची कॉइल तुंबते. आत काय आहे तेच माहिती नसेल तर एकदा सगळं काढून, धुऊन, नवीन भरून घ्या.

प्रश्न: ऑईलचा लाल दिवा आणि 'ऑईल लेव्हल लो' एकच ना?

नाही, आणि हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. लाल बुधली म्हणजे प्रेशर नाही. पिवळी बुधली, बहुतेक खाली लाटेची रेघ असते, म्हणजे पातळी कमी. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत लेव्हलचा सेन्सरच नाही, फक्त प्रेशरचा स्विच आहे, आणि तो बहुधा अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली प्रेशर गेल्यावर दिवा लावतो, म्हणजे ऑईल खूपच खाली गेल्यावर. त्यामुळे 'दिवा लागला नाही म्हणजे ऑईल आहे' हे गणितच चूक. दिव्याच्या भरवशावर राहायचं नाही, पट्टी काढून बघायची.

घाटात वळणावर लाल दिवा क्षणभर लुकलुकला तर त्याचा अर्थ ऑईल चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीच्या) एका बाजूला गेलं आणि पंपाची जाळी हवा ओढायला लागली, म्हणजे पातळी मिनच्याही खाली आहे. पुढच्या वळणाची वाट बघू नका. आणि स्पीडब्रेकरला किंवा दगडाला खालून धाडकन बसलं, आणि थोड्या वेळाने लाल दिवा लागला, तर चेंबर फुटलाय, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. तसंच पुढे नेऊन इंजिन जाम झालं तर साध्या इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनाचे नाही, कारण ते पुढे चालवल्यामुळे झालेलं नुकसान धरतात.

पातळी बरोबर आहे आणि तरी लाल दिवा आहे? मग स्विच खराब असू शकतो, पंप, तुंबलेली जाळी किंवा झिजलेली बेअरिंगं पण असू शकतात. गेजने प्रत्यक्ष प्रेशर मोजून घेतल्याशिवाय 'स्विच असेल' असं म्हणून गाडी फिरवू नका.

प्रश्न: पट्टी नीट कशी बघायची? प्रत्येक वेळी वेगळं दिसतं.

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, म्हणजे वर चढलेलं ऑईल खाली येतं. पट्टी काढा, कोरड्या फडक्याने पुसा (कापूस नको, धागे आत जातात), पूर्ण आत घाला, काढा, आडवी धरून दोन्ही बाजू बघा. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं तर खालचं खरं. मिन ते मॅक्स हे अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, म्हणून पाव-पाव लिटर टाकून बघत जा. मॅक्सच्या वर भरलं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि सीलं गळायला लागतात.

प्रश्न: ऑईल कमी होतंय, पण खाली डाग नाही.

मग जळतंय. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना मागे निळसर धूर दिसतो का ते मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा, तसं असेल तर बहुधा वॉल्व्हची सीलं. सतत निळा धूर तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. आणि खाली डाग नाही याचा अर्थ गळत नाही असा नाही, खाली प्लास्टिकची प्लेट असते, ऑईल तिच्यावरच साचतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं तर ऑईल गरम एक्झॉस्टवर पडून जळतं, सिग्नलला उभे असताना करपलेला वास येतो. पाच हजार किलोमीटरला किती ऑईल लागलं ते वहीत लिहा, अंदाजाने सांगू नका.

प्रश्न: माझ्या डिझेल गाडीत ऑईल कमी नाही, उलट वाढलंय. असं कसं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचा नियम) आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला गाडी थोडं जादा डिझेल मारते. रोज शहरात तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ही जाळणी अर्धवट राहते आणि बऱ्याच गाड्यांत ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. पट्टीचा वास घ्या, डिझेलचा आला आणि पातळी मॅक्सच्या वर असेल तर ऑईल पातळ झालंय, किलोमीटर व्हायची वाट न बघता बदला, आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं हायवेला एकसारख्या स्पीडने काढा. हे 'ऑईल लो' इतकंच गंभीर आहे, फक्त याला कुणी मोजत नाही.

प्रश्न: ब्रेकचा लाल दिवा, हँडब्रेक तर सोडलाय.

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक आणि ब्रेक ऑईल यांचा दिवा एकच असतो. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि तेवढं ऑईल डबीतून खाली जातं, म्हणजे आधी पॅड बघा, मग ऑईल टाका, नाहीतर नवीन पॅड टाकताना ते उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खाईल. पॅड चांगले असतील तर गळती, आणि बऱ्याच गाड्यांत क्लचही त्याच डबीवर चालतो, म्हणून क्लच पेडल मऊ झालंय का तेही बघा. पेडल खोल जात असेल तर गाडी हलवू नका. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढतं: डॉट ४ ग्रेडचं ऑईल नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, ओलावा धरलेल्याची मर्यादा १५५ डिग्री, आणि लांब घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. दोन वर्षांनी बदलाच.

प्रश्न: डीईएफ / ॲडब्लूचा मेसेज, 'इतके किलोमीटर बाकी'.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांत ही वेगळी टाकी असते, त्यात धूर साफ करायला ३२.५ टक्के युरियाचं द्रावण असतं. शून्यावर गेल्यावर एकदा बंद केलेलं इंजिन परत चालू होत नाही, म्हणून आकडा बाकी असतानाच भरा. थोडंसं टाकून मेसेज जात नाही, पाच-दहा लिटर तरी टाका. निळ्या झाकणातच टाका, चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका.

प्रश्न: वॉशरचा मेसेज?

पाणी भरा. भरून दोन दिवसांत संपलं तर पाईप निसटलाय.

प्रश्न: मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनर घेतला तर कळेल का?

अर्धवट कळेल. लेव्हलचे सेन्सर बऱ्याचदा इंजिनाच्या कॉम्प्युटरला नाही, मीटरला जोडलेले असतात, म्हणून स्कॅनरवर काहीच कोड दिसत नाही आणि लोक म्हणतात गाडी ठीक आहे. पण टेंपरेचर लाईव्ह दिसतं, आणि ज्या गाडीत काटा नाही तिथे हे फार उपयोगी आहे, ९० च्या आसपास राहायला हवं ते चढावर ११० कडे सरकतंय हे लाल दिव्याच्या आधी कळतं. कोडांमध्ये पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त गरम झालं होतं, पी०५२४ म्हणजे ऑईलचं प्रेशर कमी, पी०१२८ म्हणजे कुलंट हवं तेवढं गरम होत नाहीये, त्यात थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुलंट कमी आहे, दोन्ही शक्य.

प्रश्न: गॅरेजला काय सांगायचं, म्हणजे नुसतं भरून परत देणार नाहीत?

'लाईट लागते' एवढंच सांगू नका. किती दिवसांत किती मिली टाकलं, मेसेज थंड असताना येतो का चढावर, धूर, वास, ओलं कार्पेट, आधी कुणी काय बदललं, हे कागदावर लिहून द्या, आणि जॉबकार्डवर 'कुलंट भरणे' नाही तर 'गळती शोधणे, प्रेशर टेस्ट' असं लिहून घ्या. गाडी परत घेताना पातळीचा फोटो काढा, पाचशे किलोमीटरनंतर त्याच जागी, थंड असताना दुसरा काढा.

प्रश्न: सेन्सरचा प्लग काढून ठेवला की मेसेज जातो, तसंच राहू दे का?

कुलंटच्या सेन्सरचा म्हणाल तर काही गाड्यांत जातो, काहींत उलट प्लग काढल्यावर येतो. पण राहू देऊ नका. आणि जुनी गाडी घेत असाल तर हे कुणी आधीच करून ठेवलंय का ते बघायची सोपी रीत आहे: स्टार्ट न करता नुसती चावी ऑनवर आणा, लाल बुधली पेटलीच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझली पाहिजे. चावी ऑन केल्यावर ती पेटतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीये, आणि असं कुणी का केलं असेल ते पट्टी काढून, ऑईलचं झाकण उघडून आणि गेज लावून प्रेशर मोजून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.